दुय्यम भूमिकांचा धनी: नट वॉल्टर ब्रेनन याचें चरित्र

नाटक असो कीं बोलपट असो, प्रेक्षकांच्या तोंडीं जें नांव राहतें तें नायकाचें. नायक घोड्यावरून येतो, दुष्टांचा पाडाव करतो, शेवटीं नायिकेचा हात धरतो, आणि दिवे लागतांच लोक त्याचे गुण गात घरोघर जातात. परंतु त्याला वाट दाखविणारा म्हातारा, त्याची थट्टा करणारा सोबती, त्याच्याकरितां जिवावर उदार होणारा नोकर, त्याला फांसावर चढवूं पाहणारा न्यायाधीश, हीं माणसें नसतीं तर नायकानें आपलें शौर्य दाखवावें तरी कोणापुढें? देवळाचा मनोरा दुरून दिसतो. तो ज्या जोत्यावर उभा असतो तें पाहण्यास कोणी वांकत नाहीं.

असल्या दुय्यम कामालाहि स्वतंत्र मान आहे असें अमेरिकेच्या चित्रपटसृष्टीनें जेव्हां ठरविलें, तेव्हां नटांमध्यें तो मान सर्वांत आधीं ज्याच्या पदरीं पडला त्या वॉल्टर ब्रेनन नांवाच्या कॅथलिक नटाचें चरित्र आम्हीं वाचकांपुढें ठेवीत आहों. तो साधु नव्हता. त्याचें चरित्र सर्वस्वीं अनुकरणीय आहे असेंहि आमचें म्हणणें नाहीं. त्याच्या गुणांपासून जसें शिकण्यासारखें आहे तसेंच त्याच्या एका मोठ्या दोषापासूनहि आहे, आणि दोन्ही सांगितल्यावांचून चरित्र पुरें होत नाहीं.

जन्म व शिक्षण

वॉल्टरचा जन्म २५ जुलै १८९४ रोजीं, म्हणजे प्रेषित संत याकोबाच्या सणाच्या दिवशीं, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत लिन या गांवीं झाला. बॉस्टन शहराच्या उत्तरेस समुद्रकांठीं असलेलें हें गांव त्या काळीं जोड्यांच्या कारखान्यांबद्दल नांवाजलेलें होतें. ब्रेनन कुटुंब मूळचें आयरिश. १८४५ नंतर आयर्लंडांत बटाट्याचें पीक बुडून जो भयंकर दुष्काळ पडला त्यांत लाखों लोक मेले, व लाखों लोक जहाजांत बसून अमेरिकेस गेले. बॉस्टन व त्याच्या आसपासच्या गांवांत अशा आयरिश कॅथलिकांची मोठी वस्ती झाली. आरंभीं त्यांच्या वांट्यास हमालीचीं व मोलमजुरीचीं कामें येत, आणि जुने रहिवासी त्यांस तुच्छ लेखीत. तरी त्या लोकांनीं पोटास चिमटा घेऊन देवळें बांधलीं, शाळा काढल्या, आणि दोन पिढ्यांत त्यांचीं मुलें चांगल्या हुद्द्यांवर दिसूं लागलीं. वॉल्टर याच समाजांत वाढला. त्याचे वडील इंजिनियर होते.

मुलानेंहि तोच धंदा करावा असें ठरून वॉल्टरला केंब्रिज येथील रिंज नांवाच्या औद्योगिक शाळेंत घालण्यांत आलें. तेथें तो यंत्रविद्या शिकला खरा, पण त्याचें मन यंत्रांत रमलें नाहीं. शाळेंत असतांनाच त्याला नाटकाचा छंद लागला, व पुढें तो व्होडव्हिलच्या खेळांत कामें करूं लागला. व्होडव्हिल म्हणजे गाणें, नाच, जादू, कसरत व विनोदी प्रवेश यांचा एकत्र गुंफलेला करमणुकीचा कार्यक्रम. अमेरिकेंत नाना देशांचे लोक येऊन वसलेले असल्यामुळें त्यांच्या इंग्रजी बोलण्याच्या नकला करून हंशा पिकविण्याची अशा खेळांतून चाल होती. आयरिश माणूस कसा बोलतो, स्वीडनचा माणूस कोणते उच्चार चुकतो, दक्षिणेकडील शेतकरी शब्द कसे लांबवितो, हें सर्व नटाला कानांत सांठवून ठेवावें लागे. ही विद्या पुढें बोलपटांत ब्रेननला फार उपयोगी पडली.

युद्ध, व्यापार व दिवाळें

नाटकाच्या नादानें पोट भरत नाहीं हें दिसून आल्यावर त्यानें एका बँकेंत कारकुनी धरली. इतक्यांत १९१७ सालीं अमेरिका पहिल्या महायुद्धांत उतरली. ब्रेनन सैन्यांत दाखल झाला व १०१ व्या तोफखाना पलटणींतून फ्रान्सच्या रणभूमीवर गेला. चिखलानें भरलेले खंदक, विषारी वायूचे हल्ले, आणि काल जवळ बसून जेवलेला सोबती आज मातीआड, असें त्या युद्धाचें स्वरूप होतें. तेथून तो जिवंत परत आला.

परत आल्यावर १९२० सालीं त्यानें रूथ वेल्स या तरुणीशीं विवाह केला, आणि नशीब काढण्याकरितां तो कॅलिफोर्नियांत लॉस एंजेलिस येथें गेला. तें शहर त्या वेळीं झपाट्यानें वाढत होतें. काल जेथें संत्र्यांच्या बागा होत्या तेथें आज घरांचे चौथरे पडत, व जमिनीचा भाव महिन्यागणिक चढे. ब्रेनननें जमिनी घेण्याविकण्याचा धंदा केला आणि थोड्याच वर्षांत बराच पैसा मिळविला. परंतु १९२५ च्या सुमारास हा बाजार कोसळला. जमिनीस गिऱ्हाईक मिळेना, आणि त्याचें जवळजवळ सर्व द्रव्य बुडालें. एकतिशीच्या घरांत आलेला, बायकोमुलांचा भार अंगावर असलेला हा माणूस पुन्हां रिकाम्या हातानें रस्त्यावर उभा राहिला.

निनांवी दहा वर्षें

जमिनीनें दगा दिल्यावर ब्रेनन स्टुडिओंच्या दारीं जाऊन उभा राहिला. त्याला मिळालें तें काम एक्स्ट्राचें. एक्स्ट्रा म्हणजे गर्दींतला माणूस. बाजाराचा देखावा असला कीं बाजारांतलें एक गिऱ्हाईक, लढाई असली कीं पडलेल्या प्रेतांतलें एक प्रेत, दरबार असला कीं मागें भाला धरून उभा असलेला एक शिपाई. सकाळीं बोलावणें आलें तर दिवसाची मजुरी मिळावयाची, न आलें तर तसेंच घरीं परतावयाचें. त्याचें नांव पडद्यावर येत नसे. चित्रपट पाहून घरीं जाणाऱ्या हजारों लोकांपैकीं एकाच्याहि ध्यानांत त्याचा चेहरा राहत नसे. त्याच सुमारास गॅरी कूपर नांवाचा एक उंच, अबोल तरुणहि असल्याच गर्दींत उभा राहत असे. तो पुढें जगप्रसिद्ध नायक झाला, आणि ब्रेनन त्याचा पडद्यावरचा नेहमींचा सोबती झाला.

ब्रेननला या धंद्यांत येऊन दोन वर्षें झालीं न झालीं तोंच चित्रपटांच्या दुनियेंत मोठी उलथापालथ झाली. ६ ऑक्टोबर १९२७ रोजीं न्यूयॉर्कमध्यें 'द जॅझ सिंगर' हा चित्रपट लागला, व पडद्यावरील माणूस बोलूं व गाऊं लागला. मूकपट मागें पडले. आपल्याकडेहि १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईस गिरगांवांतील मॅजेस्टिक सिनेमांत 'आलम आरा' लागला, आणि १९३२ सालीं कोल्हापूरच्या 'प्रभात' कंपनीनें 'अयोध्येचा राजा' काढला, तेव्हां असाच चमत्कार लोकांनीं अनुभवला.

हा बदल सर्वांना मानवला नाहीं. पहिल्या बोलपटांच्या वेळीं ध्वनि पकडणारें यंत्र एका जागीं बांधून ठेवलेलें असे व नटांना त्याच्या जवळ खिळून उभें राहून बोलावें लागे. छायाचित्र घेणाऱ्या यंत्राची घरघर ऐकूं येऊं नये म्हणून तें यंत्र व तें चालविणारा मनुष्य यांना एका बंद खोक्यांत कोंडून ठेवीत. मूकपटांत केवळ मुद्रेवर राज्य करणारे कित्येक देखणे नट आवाज चांगला नसल्यामुळें किंवा बोलण्याची ढब न साधल्यामुळें पार मागें पडले. उलट ज्यांना रूप नव्हतें पण बोलणें होतें, अशा माणसांना दिवस आले. ब्रेननचा आवाज चिरका, नाकांतून येणारा, मध्येंच तुटणारा. नायकाला असा आवाज असता तर लोक हंसले असते. पण एखाद्या कुरकुऱ्या म्हाताऱ्याला, भोळ्या शेतकऱ्याला, दारूच्या गुत्त्यांतल्या बडबड्याला तोच शोभून दिसे.

तरीहि दैव लगेच उघडलें नाहीं. बोलपट आल्यावर आणखी सात वर्षें त्याला कणाकणानें काम मिळत राहिलें. १९३० च्या 'किंग ऑफ जॅझ' मध्यें तो कांहीं विनोदी प्रवेशांत दिसतो. १९३३ च्या 'द इन्व्हिजिबल मॅन' मध्यें ज्याची सायकल अदृश्य मनुष्य पळवितो तो गांवकरी ब्रेननच होय. १९३४ सालीं 'थ्री स्टूजेस' या विदूषकांच्या एका छोट्या विनोदपटांत तो आगगाडीचा कंडक्टर झाला. असल्या भूमिका एकदोन मिनिटांच्या, व कित्येकदां बिननांवाच्याच. परंतु त्यानें एकहि काम हलकें म्हणून उरकून टाकलें नाहीं. या माणसाचें वय काय, हा कोठला, याच्या बुटाला किती दिवसांचा चिखल लागला असेल, याचा तो विचार करी, व त्याप्रमाणें चाल, बोली व पोशाख ठरवी.

१९३२ च्या सुमारास आणखी एक आपत्ति आली. कामाच्या वेळीं झालेल्या अपघातांत त्याचे बरेच दांत पडले. ज्याचा धंदाच चेहऱ्यावर चालतो त्याला याहून मोठें नुकसान कोणतें? त्यानें कृत्रिम दांत बसवून घेतले, आणि लवकरच त्याच्या ध्यानांत आलें कीं या आपत्तींतच त्याची दौलत आहे. दांत बसविले कीं तो चाळीस वर्षांचा धट्टाकट्टा गृहस्थ दिसे. काढून ठेवले कीं गाल आंत जात, ओठ मुडपत, शब्द बोबडे होत, आणि तोच मनुष्य सत्तरीचा म्हातारा होई. पुढें हॉवर्ड हॉक्स या दिग्दर्शकापुढें काम मागण्याकरितां तो उभा राहिला, तेव्हां त्यानें काम दांत घालून करावयाचें कीं दांत काढून, एवढेंच विचारलें, अशी गोष्ट हॉक्स मोठ्या आवडीनें सांगत असे. हा प्रश्न ऐकून हॉक्सला हंसूं आवरेना, आणि ब्रेननला काम मिळालें.

भाग्योदय

तें काम १९३५ च्या 'बार्बरी कोस्ट' या बोलपटांतलें. त्याच वर्षीं आधीं 'द वेडिंग नाइट' या चित्रपटांत त्यानें तंबाखू चघळणाऱ्या टॅक्सीवाल्याची छोटी भूमिका केली होती. त्यांत नायक गॅरी कूपर होता. निर्माता सॅम्युएल गोल्डविन यानें ती पाहून ब्रेननशीं करार केला. दहा वर्षें रोजच्या मजुरीवर जगणाऱ्या माणसाला आतां ठराविक पगार मिळूं लागला. त्या वेळीं त्याचें वय चाळीस वर्षांचें होतें. नायक होऊं पाहणाऱ्या नटाची या वयांत उतरती कळा लागते. ब्रेननचा दिवस आतां कोठें उगवत होता.

१९३६ सालीं 'कम अँड गेट इट' हा बोलपट निघाला. विस्कॉन्सिनच्या जंगलांत झाडें तोडून श्रीमंत होणाऱ्या बार्नी ग्लासगो नांवाच्या महत्त्वाकांक्षी पुरुषाची ही कथा आहे. तो एका गरीब गाणारीवर प्रेम करतो, पण पैशाच्या लोभानें तिला सोडून मालकाच्या मुलीशीं लग्न लावतो. टाकलेल्या त्या स्त्रीचा हात त्याचा मित्र, स्वान बोस्ट्रॉम नांवाचा स्वीडिश लाकूडतोड्या, धरतो. हा स्वान म्हणजे ब्रेनन. स्वानपाशीं पैसा नाहीं, डौल नाहीं, बोलण्यांत चातुर्य नाहीं. पण ज्या स्त्रीला मित्रानें लोभापायीं टाकलें तिला तो उपकाराची भाषा न बोलतां घरांत मान देतो. कथा ग्लासगोची असली तरी प्रेक्षकाचें मन स्वानपाशीं थांबतें.

नव्या पारितोषिकाचा मानकरी

अमेरिकेंतील चित्रपट-अकादमीची स्थापना १९२७ सालीं झाली व १९२९ पासून ती उत्तम चित्रपटांना व नटांना पारितोषिकें देऊं लागली. हींच तीं ऑस्कर म्हणून प्रसिद्ध असलेलीं पारितोषिकें. आरंभींचीं आठ वर्षें अभिनयाचें पारितोषिक एका नटास व एका नटीस मिळे, व तें बहुधा मुख्य भूमिकेलाच जाई. १९३६ सालच्या चित्रपटांपासून दुय्यम भूमिकांकरितां निराळीं पारितोषिकें सुरूं झालीं. ४ मार्च १९३७ रोजीं लॉस एंजेलिसच्या बिल्टमोर हॉटेलांत समारंभ झाला, व दुय्यम नटाचें पहिलें पारितोषिक वॉल्टर ब्रेनन यास मिळालें. नटींमध्यें तो मान गेल साँडरगार्ड हिला मिळाला. ब्रेननच्या बरोबर ज्यांचीं नांवें विचारांत होतीं त्यांत बेझिल रॅथबोनसारखा नामांकित नट होता.

पण येथेंहि दुय्यम तें दुय्यमच. मुख्य नटांना सोनेरी पुतळा मिळे. दुय्यमांना पुतळ्याऐवजीं एक तकट देत. हा भेद १९४४ च्या समारंभापर्यंत चालला, व तेव्हांपासून दोघांनाहि सारखाच पुतळा देण्यांत येऊं लागला. तोंपर्यंत ब्रेननचीं तीन पारितोषिकें मिळवून झालीं होतीं!

दुसरें पारितोषिक त्याला १९३८ च्या 'केंटकी' या बोलपटाबद्दल मिळालें. घोडे पाळणाऱ्या दोन घराण्यांचें वैर त्यांत दाखविलें आहे. त्यांतील एका घराण्याचा वृद्ध कर्ता पीटर गुडविन याची भूमिका ब्रेनननें केली. हा म्हातारा हट्टी आहे, रागीट आहे, लहानपणीं डोळ्यांदेखत झालेला बापाचा खून तो विसरलेला नाहीं. पण घोड्याची पारख त्याच्यासारखी कोणाला नाहीं. शेवटीं त्याचा घोडा डर्बीची शर्यत जिंकतो, आणि जयघोष चालू असतांनाच म्हाताऱ्याचे प्राण जातात. ही भूमिका करणारा नट त्या वेळीं अवघा चव्वेचाळीस वर्षांचा होता हें पाहणाराला खरें वाटत नसे.

तिसरें पारितोषिक १९४० च्या 'द वेस्टर्नर' बद्दल. दिग्दर्शक विल्यम वायलर, नायक गॅरी कूपर. टेक्सस प्रांतांत रॉय बीन नांवाचा एक मनुष्य खरोखरच होऊन गेला. तो आपल्या दारूच्या दुकानांतच न्यायासन मांडून बसे. त्या बीनची भूमिका ब्रेनननें केली. हा न्यायाधीश लहर फिरली कीं माणसाला फांसावर लटकावतो, आणि तोच लिली लँगट्री नांवाच्या नटीच्या तसबिरीपुढें लहान मुलासारखा भोळा होतो. नायक त्याचा कैदी, मग त्याचा मित्र, आणि अखेर त्याचा वैरी. शेवटीं लिली गांवांत येते तेव्हां बीन नाटकगृहाचीं सर्व तिकिटें स्वतःच विकत घेतो, जुना लष्करी पोशाख चढवून रिकाम्या खुर्च्यांत एकटा बसतो, आणि पडदा वर जातो तों समोर लिली नसून त्याला धरावयास आलेला नायक उभा असतो. गोळी लागून मरतां मरतां त्याला तिचें दर्शन घडतें. जुलमी मनुष्याचा तिटकारा आणि त्याची कींव एकाच वेळीं वाटावयास लावणें हें सोपें काम नव्हे; ब्रेनननें तें साधलें.

तीन ऑस्कर पारितोषिकें मिळविणारा तो पहिलाच नट. तिन्ही दुय्यम भूमिकांबद्दल मिळविणारा दुसरा नट त्याच्यामागून आजवर झालेला नाहीं. या यशाला एक बोचरी बाजूहि होती. त्या वर्षांत एक्स्ट्रा लोकांनाहि या पारितोषिकांकरितां मत देण्याचा अधिकार मिळाला होता, व त्यांची संख्या हजारोंनीं मोजण्यासारखी होती. ते आपल्यांतलाच माणूस म्हणून डोळे मिटून ब्रेननला मत देतात, असें पुष्कळ लोक बोलत. पुढें एक्स्ट्रांचा हा अधिकार काढून घेण्यांत आला. बोलणारांचें म्हणणें खरें मानलें तरी त्यांत लाजण्यासारखें कांहीं आम्हांस दिसत नाहीं. गर्दींत उभें राहून ज्यांचे पाय दुखले त्यांना, आपल्यांतून वर गेलेला एक माणूस आपल्याला विसरला नाहीं, असें वाटलें. आणि त्यांनीं त्याला आपलें म्हटलें. भूमिकांची पारख करावयाची तर ते बोलपट आजहि पाहावयास मिळतात.

पुढील भूमिका

१९४१ च्या 'सार्जंट यॉर्क' मध्यें त्यानें टेनेसी प्रांतांतील एका खेड्याच्या प्रॉटेस्टंट पाळकाची भूमिका केली. ही कथा खऱ्या माणसाची आहे. ॲल्व्हिन यॉर्क हा शेतकरी पहिल्या महायुद्धांत, माणूस मारणें देवाच्या आज्ञेविरुद्ध आहे म्हणून लढावयास नाखूष होता. पुढें त्यानेंच फ्रान्समध्यें मोठा पराक्रम गाजविला. त्याच्या उनाड तरुणपणीं त्याला धीर न सोडतां सन्मार्गावर आणणारा पाळक ब्रेनननें असा रंगविला आहे कीं, रोजच्या ओळखीचा एखादा वडील माणूस बोलतो आहे असें वाटावें. स्वतः कॅथलिक असून दुसऱ्या पंथाच्या धर्मोपदेशकाची भूमिका त्यानें थट्टेनें केली नाहीं, आदरानें केली. त्याबद्दल पारितोषिकाकरितां त्याचें नांव चौथ्यांदा पुढें आलें. पण त्या वर्षीं तो मान डोनल्ड क्रिस्प यास मिळाला.

१९४४ च्या 'टु हॅव अँड हॅव नॉट' मध्यें तो एडी नांवाचा दारुडा खलाशी झाला आहे. नावेचा मालक असलेला नायक या एडीला सांभाळतो. एडीची मात्र मनापासून समजूत अशी कीं आपणच नायकाला सांभाळतों आहों. दुय्यम भूमिकेचें सारें मर्म या एका समजुतींत आहे. एडीमुळें कथानकाला फारसा हातभार लागत नाहीं. पण त्याच्याशीं नायक ज्या मायेनें वागतो त्यावरूनच नायकाचें अंतःकरण आपल्याला कळतें. एडी काढून टाकला तर नायक केवळ एक धाडसी नावाडी उरेल.

१९४६ च्या 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन' मध्यें त्यानें अगदीं उलट रूप धारण केलें. मोठ्या मुलांना चाबकानें फोडून काढणारा, माणूस मारतांना पापणी न हालविणारा क्लँटन म्हातारा पाहून अंगावर कांटा येतो. १९४८ च्या 'रेड रिव्हर' मध्यें हजारों गुरांचा तांडा हांकीत नेणाऱ्या जॉन वेनचा तो स्वयंपाकी आहे. यांत त्याचे कृत्रिम दांतच कथेंत आले आहेत: तो ते जुगारांत एका रेड इंडियन सोबत्यापाशीं हरतो, व रोज जेवणापुरते मागून घेतो. ज्या व्यंगानें एके काळीं त्याचें पोट बुडण्याची वेळ आणली त्यावर तो आतां साऱ्या जगाला हंसवीत होता. १९५९ च्या 'रिओ ब्राव्हो' मध्यें तो तुरुंगाचें दार राखणारा लंगडा, कुरकुरणारा स्टंपी झाला. त्यानें मोठ्या पडद्यावर व पुढें दूरचित्रवाणीवर मिळून दोनशेंहून अधिक कामें केलीं. १९५७ ते १९६३ पर्यंत चाललेल्या 'द रिअल मॅकॉयज' या दूरचित्रवाणीवरील मालिकेंत, डोंगराळ गांव सोडून कॅलिफोर्नियांत शेती करावयास आलेल्या कुटुंबाचा तो आजोबा झाला. आणि अमेरिकेंतील घरोघर मुलें त्याला आपलाच आजोबा समजूं लागलीं.

संसार

चित्रपटाच्या धंद्यांत लग्नें मोडण्याच्या बातम्या नेहमींच्याच. ब्रेननचा संसार त्याच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे चौपन्न वर्षें, एकाच पत्नीबरोबर झाला. दिवाळें निघालें तेव्हां रूथ त्याच्याबरोबर होती, एक्स्ट्राच्या मजुरीवर घर चाललें तेव्हां होती, आणि कीर्ति आली तेव्हांहि होती. त्यांना दोन मुलगे व एक मुलगी अशीं तीन अपत्यें झालीं. पैसा हातीं आल्यावर ब्रेनननें ओरेगॉन राज्यांत जोसेफ या लहान गांवाजवळ गुरें पाळण्याकरितां मोठी जमीन घेतली, आणि काम नसलें कीं तो तेथें जाऊन राही. एकदां जमिनीच्या सट्ट्यांत हात पोळलेला हा माणूस आतां जमीन विकण्याकरितां नव्हे, तर कसण्याकरितां व गुरें चारण्याकरितां ठेवीत होता.

एक मोठा दोष

येथवर सांगितलें तें गोड आहे. पुढचें कडू आहे. उतारवयांत ब्रेनन राजकारणाच्या अगदीं कडव्या पक्षास जाऊन मिळाला. देशावर सर्वत्र कम्युनिस्टांचें कारस्थान चालू आहे असें त्यानें मनाशीं घेतलें. अमेरिकेंतील कृष्णवर्णीय लोक मताचा हक्क, समान शाळा व माणुसकीची वागणूक यांकरितां मार्टिन लूथर किंग यांच्या नेतृत्वाखालीं शांततेनें झगडत होते. त्या चळवळींतहि त्याला तेंच कारस्थान दिसलें, आणि त्यानें तिचा तीव्र विरोध केला. १९७२ च्या निवडणुकींत त्यानें मोठ्या दोन्ही पक्षांचे उमेदवार सोडून जॉन श्मिट्झ या अत्यंत उजव्या उमेदवाराचा पुरस्कार केला.

हें वाचून मनास खेद होतो. ज्यांच्याकडे कोणी वळून पाहत नाहीं अशीं माणसें, दारुडे, लंगडे, भोळे, म्हातारे, यांचें हृदय ओळखून तें जगापुढें ठेवण्यांत ज्यानें चाळीस वर्षें घालविलीं, त्याला प्रत्यक्ष आपल्या देशांतील मागें लोटलेल्या शेजाऱ्यांचें हृदय कां ओळखतां आलें नाहीं? त्याच्या स्वतःच्या समाजाला एके काळीं त्याच देशांत तुच्छ लेखीत असत, ही आठवण कशी बुजली? कलेंत जी दृष्टि मिळते ती आपोआप आचरणांत उतरत नाहीं. तिकडे तिला रोज जाणूनबुजून वळवावें लागतें. वर्षानुवर्षें प्रार्थनेंत उच्चारलेले शब्दहि याच रीतीनें ओठांवर राहून जातात. हा दोष एकट्या ब्रेननचा नाहीं, म्हणूनच तो येथें लिहिला आहे.

अखेर

शेवटच्या वर्षांत ब्रेननला फुफ्फुसांच्या विकारानें घेरलें. २१ सप्टेंबर १९७४ रोजीं कॅलिफोर्नियांत ऑक्सनार्ड येथें, वयाच्या ऐंशीव्या वर्षीं, त्याचें देहावसान झालें. लॉस एंजेलिसच्या उत्तर भागांत स्पेनच्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनीं १७९७ सालीं स्थापन केलेलें सान फर्नांडो नांवाचें मिशन आहे. त्याच्या शेजारच्या कॅथलिक दफनभूमींत त्याला मूठमाती देण्यांत आली.

वाचकहो, ब्रेननच्या चरित्रांतून आम्हीं घेण्यासारखें तें एवढें. त्यानें नायकाची जागा मागितली नाहीं. जी जागा मिळाली तीच त्यानें पुरती भरली. दहा वर्षें कोणी पाहत नसतांहि त्यानें काम चोख केलें, म्हणूनच पुढें सारें जग पाहूं लागलें तेव्हां त्याला निराळें कांहीं करावें लागलें नाहीं. दैवानें दांत नेले, तर उरलेल्या हिरड्यांवर त्यानें घर चालविलें. आणि जेथें तो चुकला तेथें तो आपल्या सर्वांसारखाच चुकला: पडद्यावर ज्या दुबळ्या माणसावर त्यानें माया केली, तोच दुबळा माणूस निराळ्या रंगाचा होऊन त्याच्या दारीं आला, तेव्हां त्यानें त्याला ओळखलें नाहीं. त्याच्या भूमिका पाहून आपण हंसावें, रडावें. आणि घरीं परततांना रस्त्याच्या कडेस जो कोणी उभा असेल त्याच्या तोंडाकडे एकवार नीट पाहावें. प्रभु त्याच्या आत्म्यास चिरशांति देवो.